आतली कडी

सकाळचा टँकर येऊन गेला की त्या बंद पडलेल्या बस डेपोत घटकाभर सगळ्यांना हुशारी वाटे. हंडे भरलेले, तोंडं धुतलेली, कुठे कुणी मुलीची वेणी घालतंय, कुणी अंथरुणं झटकतंय. गावात तोफा धडाडायला लागल्या तेव्हा हाती लागेल ते उचलून निघालेली दोनशे कुटुंबं इथे येऊन टेकली होती. वर्कशॉपच्या मोठ्या शेडमध्ये खांबाखांबांच्या मध्ये चादरी ताणून त्यांनी घरं केली होती. खांबांवरचे जुने नंबर हेच आता पत्ते झाले होते.

सात नंबरच्या खांबाशी सुताराचं बिऱ्हाड होतं. सुतार, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण. सुताराला सगळे मिस्त्री म्हणत, बायकोला अख्खा डेपो वहिनी म्हणे, आणि बहीण ही नुसती धाकटी. धाकटीला सातवा महिना होता. तिचा नवरा गाव सोडताना तिला ट्रकवर चढवून आईला आणायला म्हणून मागे गेला, तो गेलाच. जिवंत आहे की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. पोटातलं मूल तेवढं त्याचं तिच्याजवळ उरलं होतं, आणि भाऊ. तिला आईबापांच्या जागी तोच होता.

त्या दिवशी वहिनीने पेला भरून तिच्या हातात दिला आणि केस विंचरायला पाठ फिरवली. फुटक्या आरशात तिला मागचं दिसत होतं. धाकटीने पेला ओठांना लावला, उगाच गळा हलवला आणि सगळं पाणी हळूच धुण्याच्या बादलीत ओतलं.

"धाकटे, पाणी प्यायलीस?"

"प्यायले की."

"मग बादलीला कुणी पाजलंस? तिला तहान लागली होती?"

धाकटी हसली, पण ते हसू पुरतं चेहऱ्यावर आलंच नाही. मान खाली घालून म्हणाली, "वहिनी, प्यायलं की जावं लागतं."

वाचकहो, या एवढ्याशा वाक्यात काय होतं ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल. आणि जे सांगणार आहे ते सभ्य घरात मोठ्याने बोलायचं नसतं असं तुमचंही मत असेल, तर आधीच सांगते, त्या मतानेच हा सगळा घात केला.

डेपोच्या मागच्या भिंतीला, डिझेलच्या जुन्या टाकीपलीकडे, मदतीवाल्या संस्थेने संडास बांधून दिले होते. आठ बायकांचे, सहा पुरुषांचे. दारांचं काम मिस्त्रीला मिळालं. गावातलं त्याचं दुकान, लाकूड, सगळं जळून गेलं होतं. दोन महिने तो नुसता बसून होता, कुणाशी धड बोलत नव्हता. रंधा हातात आला आणि माणूस पुन्हा माणसात आला. दारं त्याने झकास केली, खोटं कशाला बोलू. फळीला फळी अशी बसवली की मध्ये नखसुद्धा जाणार नाही.

कागदावर मंजुरी होती ती अशी: दार एक, कडी एक. ती कडी आतून लावायची की बाहेरून, हे कागदात नव्हतं. मिस्त्रीने समितीला विचारलं. समिती म्हणजे सात बाप्ये आणि त्यांचे अध्यक्ष पोस्टमास्तर. पोस्टमास्तर रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, पण अजून कानावर पेन असे. सातही जणांनी मन लावून चर्चा केली. वाऱ्याने दारं आपटतात. कुत्री आत शिरतात. साफसफाईच्या वेळी बंद ठेवावी लागतात. शेवटी एकमताने ठरलं, कडी बाहेरून. आत असलेल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न सातांपैकी एकालाही पडला नाही. त्यांचं काय, ते आतून खाकरले तरी भागत होतं.

बायका पहाटे आणि तिन्हीसांजेला जोडीने जाऊ लागल्या. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरून उभं राहायचं. पण पोटुशीला घटकेघटकेला जावं लागतं, आणि वहिनी सकाळी नऊ ते पाच शिवणकेंद्रात पिशव्या शिवायला असे. एक दिवस दुपारी धाकटी एकटीच गेली. भिंतीवर बसणाऱ्या तीन-चार टवाळांनी दार उघडलं. तशीच बसलेली असताना तिला बघितलं, खिदळले, दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. अर्धा तास ती त्या पत्र्याखाली उन्हात दार बडवत होती. शेवटी दोन नंबरच्या खांबाची बोळकी मावशी तिकडे गेली म्हणून सुटली.

तेव्हापासून धाकटीने पाणी सोडलं.

वहिनीने त्याच संध्याकाळी नवऱ्याला गाठलं होतं. "अहो, बायकांकडच्या कड्या तेवढ्या आत घ्या. तुम्हाला काय, एका दुपारचं काम."

"समितीने ठरवलंय ते. मी माझ्या मनाने कसं फिरवू? उद्या म्हणतील, मिस्त्रीनेच उलटी लावली होती."

"मग समितीला सांगा."

"सांगतो की. पण असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या म्हणजे..." तो घुटमळला. मग बहिणीकडे पाहून त्याला भरून आलं. तो खरोखरच भला माणूस होता, निदान तोवर होता. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, संस्थेच्या त्या फॉर्मवाल्या ताई येणार आहेत, बायकांच्या अडचणी लिहून घ्यायला. तू त्यांना सगळं सांग, अगदी न लाजता. कागद समितीकडे आला की मी लावून धरतो. तुझ्या दादाचा शब्द आहे."

गाडलेल्या गोष्टी पुन्हा उकरून काढायला धाकटीचं मन धजत नव्हतं. पण दादाने शब्द दिला होता.

फॉर्मवाल्या ताई आल्या. चांगली शिकलेली, गोड बोलणारी मुलगी. तिकीट खिडकीच्या सावलीत सतरंजी अंथरून तिने एकेकीला जवळ बसवलं. "इथे बोलाल ते इथेच राहील," ती प्रत्येकीला सांगे. धाकटीने सांगितलं. दार कसं उघडलं, कोण कसं हसलं, कडी कशी पडली, सगळं.  ताईंचे डोळे भरले. त्यांनी तिसऱ्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: बायकांच्या संडासांना आतून कडी हवी. धाकटी उठली ती मोकळी होऊन. परत येताना तिने वहिनीच्या कमरेला चिमटासुद्धा काढला.

त्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती, ती तिने वाचली नाही. वहिनीनेही नाही. कुटुंबप्रमुखाची सही.

म्हणजे बायकांनी बायकांचं गाऱ्हाणं बाईला सांगायचं, आणि ते खरं की खोटं याचा शिक्का घरच्या पुरुषाने मारायचा! हा नियम कुणी केला कोण जाणे. कुठल्या तरी ऑफिसात, पंख्याखाली बसून, कुणाच्याही वाईटावर नसलेल्या माणसानेच केला असेल.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळे कागद सह्यांसाठी पोस्टमास्तरांकडे दिले. पोस्टमास्तर कागद घेऊन स्वतः सात नंबरला आले. मिस्त्री चटईवर बसला होता. शेजारी धाकटी त्याच्या शर्टाला बटण लावत होती, समितीने त्याला कामाचं बोलायला बोलावलं होतं म्हणून. पोस्टमास्तर त्याला खांबाआड घेऊन गेले.

"मिस्त्री, हे काय लिहून दिलंय तुमच्याकडच्यांनी? सगळ्या खांबांचे कागद आले, तक्रार तुमच्याच घरची. तीही तुमच्याच दारांची."

"माझ्या दारांची नाही हो, कडीची."

"वर वाचणाऱ्याला काय कळणार? तो म्हणेल, दारं सदोष. आणि नव्या बांधायच्या चाळीस खोल्यांची दारं-खिडक्या मंजूर होतायत, मी तुमचंच नाव घातलंय. शिवाय ते बघितलं, हसले, हे सगळं वाचून दाखवायचं का मी सात जणांत? तुमच्या बहिणीची काय शोभा राहील? विचार करा."

मिस्त्रीने विचार केला. फार वेळ लागला नाही. कानावरची चपटी लाल पेन्सिल काढली, कागद खांबाला टेकवला आणि तिसऱ्या रकान्यातल्या त्या ओळीवरून रेघ ओढली. खाली लिहिलं, तक्रार नाही. आणि सही केली.

परत येऊन बसला तेव्हा धाकटीने दाताने दोरा तोडून शर्ट पुढे केला. "दादा, कागद आला का रे तुमच्याकडे?"

"आलाय," तो म्हणाला. "होईल."

पुढचे तीन आठवडे धाकटी त्या "होईल"वर जगली. दिवसभरात दोन घोट पाणी, तेही तिन्हीसांजेला वहिनी आल्यावर. ओठ फुटले. मग लघवीला जळजळ, कंबर धरलेली, अंगात कणकण. तिला वाटे, या महिन्यात असंच होत असेल. मिस्त्रीने तिच्यासाठी अंगावर घ्यायला नवी चादर आणली. वहिनीने रोज विचारावं, "अहो, कड्यांचं काय झालं?" आणि त्याने रोज म्हणावं, "वरून यायचंय."

बादलीत पेला ओतलेला पाहिला, त्या सकाळी मात्र वहिनीचा धीर सुटला. तिने शिवणकेंद्राला बुट्टी मारली आणि थेट ताईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, वरून कधी यायचंय हो? आमची पोर वाळून चाललीय."

"काय यायचंय?"

"आतल्या कड्या."

ताईंनी फाईल काढली, पानं उलटली, आणि गोंधळून म्हणाल्या, "पण सात नंबरकडून तर तक्रार नाही, असं आलंय. मला वाटलं, तुम्हीच बदललंत."

कागद वहिनीच्या हातात आला. तिला अक्षरं नीट वाचता येत नव्हती, पण ती रेघ वाचता आली. लाल, जाड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत केसभरही न हललेली. पंधरा वर्षं ती त्या माणसाच्या रेघा बघत होती. फळीवर, चौकटीवर, खाटेच्या पायावर. एवढी सरळ रेघ त्या डेपोत दुसरं कुणी ओढू शकत नव्हतं.

"आणि तुम्ही?" ती ताईंना म्हणाली. "इथे बोलाल ते इथेच राहील म्हणालात ना?"

"नियम आहे वहिनी. प्रमुखाच्या सहीशिवाय कागद पुढे जातच नाही."

"मग आम्हाला विचारायला आलातच कशाला? त्यांनाच विचारायचं होतं!"

 तेवढ्यात बोळकी मावशी लगबगीने, पडत-झडत आली. धाकटी चक्कर येऊन पडली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि पोटात कळा सुरू झालेल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि वहिनीलाच फैलावर घेतलं. "लघवीत जंतू होऊन ते वर मूत्रपिंडापर्यंत चढलेत. पाणी का नाही पाजलं हिला? दिवसदिवस जात नव्हती का ही?" वहिनी काय सांगणार होती? की माझा नवरा सुतार आहे, दारं त्यानेच केलीत आणि त्यांना आतून कडी नाही?

मूल दुपारी झालं. मुलगा होता. रडला नाही.

धाकटी वाचली. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पोटावरून हात फिरवला. मग विचारायचं ते विचारून झालं, रडून झालं. शेवटी ती म्हणाली, "वहिनी, दादाने लावून धरलं होतं ना गं?"

वहिनी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटेल. मला नाही वाटत. त्या पोरीशी आजवर सगळे तिच्या भल्यासाठीच खोटं बोलले होते. वहिनीने तिला रेघेची हकीकत जशीच्या तशी सांगितली.

संध्याकाळी मिस्त्री संत्री घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी बसला, सोलायला लागला. सालीचे तुकडे त्याच्या मांडीवर पडत होते.

"दादा," धाकटी म्हणाली, "तू रेघ ओढलीस, तेव्हा मी तिथेच होते ना रे? तुझं बटण लावत होते."

मिस्त्रीने संत्रं खाटेवर ठेवलं.

"मला हाक मारून सांगायचंस. मी पुन्हा कुणाला काही सांगितलं नसतं. पण दुसरीकडे कुठेतरी गेले असते. तू होईल म्हणालास, म्हणून मी वाट बघत बसले."

"अगं, मला काय माहीत असं होईल! तुझीच बदनामी नको म्हणून मी..."

धाकटीने भिंतीकडे तोंड वळवलं. सोललेलं संत्रं तसंच राहिलं.

त्यानंतरच्या मंगळवारी वरचे साहेब डेपो बघायला येणार होते. पोस्टमास्तरांनी संडासाची दारं पुसून घेतली होती, चुना मारला होता. सगळी व्यवस्था समाधानकारक असल्याचा कागदही टाइप करून तयार होता. दहाच्या सुमाराला वहिनी नवऱ्याच्या पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून निघाली. कुणाला काही बोलली नाही. पहिल्या दाराशी उभी राहिली आणि बाहेरची कडी खोलायला लागली.

स्क्रू हलेना. मिस्त्रीचं पक्कं काम. तिच्या तळहाताला फोड आला. बोळकी मावशी बघत उभी होती. ती म्हणाली, "सरक, मी धरते. दात नाहीत, हात आहेत अजून." मग तीन नंबरची आली, मग अकरा नंबरची, मग अख्खं शिवणकेंद्रच रिकामं झालं.

पोस्टमास्तर धावत आले. "वहिनी! अहो, काय आरंभलंय हे? साहेब अर्ध्या तासात येतायत!"

"येऊ द्या की. त्यांच्याही घरी असेल संडास. त्याची कडी कुठल्या बाजूला आहे, विचारू त्यांना."

बायकांत हशा पिकला. पोस्टमास्तरांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. तो आला, गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला.

"अगं, चारचौघांत लाज आणलीस माझी."

वहिनी वळली. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या बाईपर्यंत गेला. "तुमची लाज राखायला पोरीचं बाळ तहानेने मारलं आपण. आता कसली लाज राहिलीय? पंधरा वर्षं मी लोकांना सांगत आले, आमच्या यांची रेघ कधी वाकडी जात नाही म्हणून. त्या दिवशी हात जरासा तरी कापायला हवा होता हो तुमचा."

मिस्त्रीने एक तिरका बसलेला स्क्रू चाचपून पाहिला. मग पुढे होऊन म्हणाला, "दे इकडे. मी लावतो. तुला नाही जमायचं, स्क्रू वाकडे जातील."

"जाऊ देत वाकडे," ती म्हणाली. "तुमचा हात नको याला."

साहेब आले तेव्हा पाच दारांच्या कड्या आत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय.  फॉर्मवाल्या ताई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या, त्या पुढे आल्या. घाबरल्या होत्या, पण तो लाल रेघेचा कागद त्यांनी साहेबांपुढे धरला. म्हणाल्या, "यात चूक माझीही आहे. मी ऐकून घेतलं आणि मग ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हातात दिलं." त्याच दुपारी सतरंजी पुन्हा अंथरली गेली. पण सगळ्या खांबांच्या बायकांपैकी एकही तिच्यावर बसली नाही. खालची ती सहीची ओळ आधी काढा, मग बोलू, असं त्यांनी वहिनीच्या तोंडून कळवलं. ती ओळ निघायला दोन महिने लागले. समितीत बायका घ्यायला आणखी एक. तोवर सगळ्या जणी तोंड शिवून बसल्या, शिवणकाम चांगलं येत होतं ना!

चाळीस खोल्यांचं काम मिस्त्रीलाच मिळालं. त्याने प्रत्येक दाराला आतून दोन-दोन कड्या लावल्या, एक मंजुरीची आणि एक पदरची. त्याचं कौतुक झालं. घरात तो विषय कुणी काढला नाही.

त्या मंगळवारनंतर चार दिवसांनी धाकटी दवाखान्यातून परतली, त्या दुपारची गोष्ट. तिने स्वतःच्या हाताने पेला भरला, सगळा प्यायली, पुन्हा भरला, तोही प्यायली. थोड्या वेळाने उठली. वहिनी चूल पेटवत होती, तिने "येऊ का?" असं नुसतं बघून विचारलं. धाकटीने मान हलवली आणि एकटीच टाकीकडे गेली. पहिल्या दाराची कडी जरा तिरकी बसली होती, उचलून सरकवावी लागे. तिने ती लावली.

मिस्त्री लांबून तिच्या मागोमाग आला होता. भिंतीवर कुणी बसलेलं नव्हतं, तरी तो दारापासून चार हातांवर पाठ करून उभा राहिला. त्याच्या पायांचा आवाज आत ऐकू गेला असावा.

"कोण आहे बाहेर?"

"मी आहे गं, दादा. तू सावकाश ये. मी राखणीला उभा आहे."

 मग कडी नीट लागली आहे ना, हे धाकटीने पुन्हा एकदा ओढून पाहिल्याचा आवाज आला.